हेडसेट मागवण्याआधी त्या डाव्या पायाकडे बघू या

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुम्हाला लगेच कळेल. मुलगी नऊ वर्षांची. जन्मानंतर चौथ्या दिवशी कावीळ फार वाढली आणि पुढे सेरेब्रल पाल्सीचं निदान झालं. मान धरत नाही, बसवलं तर अंग धनुष्यासारखं मागे ताणलं जातं, बोलता येत नाही, वस्तू घ्यायला गेली की हात भलतीकडेच जातो. तिचा मामा कॅनडात असतो. तिकडची मुलं डोक्यावर हेडसेट घालून नुसत्या विचाराने खेळण्यातली गाडी चालवतात हे त्याने पाहिलं, आणि दिवाळीला येताना तसा हेडसेट आणू का म्हणून विचारतोय. आणू द्यावा का, आणि आणला तर घरच्या घरी तो चालवता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

उत्तराला आठवडा लागला, कारण तुम्ही ओघात लिहिलेलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. ‘तिला सगळं कळतं, बाबांच्या गाडीचा आवाज आला की डावा पाय झाडते, पण तेवढंच.’ त्या ‘तेवढंच’कडे मी परत येणार आहे.

मी पुण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. बावीस वर्षं मुख्यतः बोलता न येणाऱ्या मुलांबरोबर काम करते आहे आणि गेली काही वर्षं त्यांतल्या मोजक्या मुलांबरोबर हेडसेटही वापरून बघितला आहे. तुमच्या लेकीला मी पाहिलेलं नाही. म्हणून पुढचं सगळं वाचताना, तिला नेहमी बघणाऱ्या डॉक्टरांचा आणि थेरपिस्टचा शब्द माझ्या शब्दाच्या वर ठेवा.

हेडसेट नेमकं काय करतो ते आधी सांगते. तो विचार वाचत नाही. तिच्या मनात पाणी आलं की पडद्यावर ‘पाणी’ उमटेल असं त्यात काही नाही. डोक्याच्या कातडीपर्यंत पोचणारे मेंदूतले विजेचे क्षीण तरंग तो टिपतो, ईईजी काढताना टिपतात तेच. हान्स बर्गर यांनी जर्मनीतल्या येना इथे १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून ते पहिल्यांदा टिपले, म्हणजे मूळ तंत्र शंभर वर्षांचं आहे. नवीन आहे ती पुढची पायरी. मूल शांत असतानाचे तरंग आणि मनात एखादी गोष्ट घट्ट धरून असतानाचे तरंग यांतला फरक कॉम्प्युटर शिकून घेतो, आणि दुसऱ्या प्रकारचे तरंग दिसले की बटण दाबल्यासारखं करतो. घरगुती हेडसेटकडून लहान मुलासाठी आज मागता येतं ते एवढंच: एक बटण, फार तर दोन.

मामांनी पाहिलं ते बहुधा कॅल्गरीचं काम असावं. तिथल्या अल्बर्टा चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये मुलांच्या मेंदूविकारांचे डॉक्टर अॅडम कर्टन यांच्या गटाने गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांसाठी हे काम उभं केलं. टोरांटोच्या हॉलंड ब्लूरव्ह्यू आणि एडमंटनच्या ग्लेनरोझ या पुनर्वसन रुग्णालयांतही ते चालतं. मुलं हेडसेट घालून खेळतात, चित्रं रंगवतात, चाकाची खुर्ची पुढे नेतात. कॅल्गरीच्या गटाने २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाजारात मिळणाऱ्या साध्या हेडसेटने ६ ते १८ वयाच्या २६ मुलांनी खेळण्यातली गाडी चालवली आणि कॉम्प्युटरवरचा कर्सर हलवला. मुलांना हे जमू शकतं याचा तो चांगला पुरावा आहे. मात्र ती मुलं निरोगी होती. स्वस्थ बसून राहणाऱ्या मुलाचं डोकं आणि सतत वळवळणाऱ्या, आखडणाऱ्या शरीरावरचं डोकं, हेडसेटच्या दृष्टीने फार वेगळं असतं.

आता तुमच्या लेकीबद्दल. तिची सेरेब्रल पाल्सी काविळीतून आलेली आहे ही गोष्ट महत्त्वाची आहे, आणि हेडसेटच्या बाजूने आहे. फार वाढलेलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात साठणारं पिवळं द्रव्य, मेंदूच्या आतल्या गाभ्याला दुखावतं, जिथून हालचालीवर ताबा राहतो. वरचा थर, जिथून हे तरंग येतात, तो पुष्कळदा वाचलेला असतो. या मुलांची समज शरीराच्या कितीतरी पुढे असते आणि लोकांना ती वर्षानुवर्षं दिसत नाही, त्याचं कारण हेच. तेव्हा ‘तिला सगळं कळतं’ हे तुम्ही लिहिलंत ते आईचं वेडं प्रेम आहे असं मी मुळीच मानत नाही.

अडचण दुसरीच आहे. मेंदूचा सिग्नल कातडीपर्यंत येतो तेव्हा तो व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतो. कपाळाचे, जबड्याचे, मानेचे स्नायू ताणले गेले की त्यांची वीज त्याच्या कितीतरी पट मोठी असते आणि हेडसेटला ती आधी ऐकू येते. एका मुलाच्या घरी मी हे फार जवळून पाहिलं. गाडी दर वेळी धावत होती, घरातले सगळे टाळ्या वाजवत होते, मीसुद्धा. तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉपकडे बघणं सोडून मुलाच्या तोंडाकडे बघत बसले. गाडी सुटण्याआधी दर वेळी त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसत होते आणि कानापुढचा स्नायू टरारून वर येत होता. गाडी दातांनी चालली होती. हे मुलाचं अपयश नव्हतं, उलट मोठी बातमी होती: त्याला हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा करता येईल अशी एक हालचाल आम्हाला सापडली होती. मग गालाजवळ एक हलका स्विच लावला आणि हेडसेट डब्यात गेला. तो मुलगा आज त्याच स्विचने शाळेचे पेपर सोडवतो.

म्हणून मी पालकांना एकच गोष्ट विचारते, तिला ‘हो’ आणि ‘नको’ म्हणायचा खात्रीचा मार्ग आहे का? तुमच्या पत्रात हेडसेटबद्दल दोन परिच्छेद आहेत, पण ती ‘नको’ कसं सांगते याबद्दल एक अक्षर नाही. ताई, हा दोष काढत नाहीये. नऊ वर्षांत तुम्हाला हे कोणी विचारलेलंच नसणार.

इथे काविळीच्या मुलांची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती हमखास निसटते. आपल्याकडे सगळीकडे शिकवतात, ‘हो असेल तर वर बघ.’ पण याच काविळीत डोळे वर नेणारी यंत्रणाही पुष्कळदा दुखावते. मुलाला डावी-उजवीकडे नीट बघता येतं, वर मात्र बघताच येत नाही. मग मूल ‘हो’ म्हणायला धडपडतं, डोळे वर जात नाहीत, आणि समोरचा लिहून मोकळा होतो की प्रतिसाद नाही. तुमच्या लेकीला असं विचारून पाहिलं असेल तर तो निकाल विसरून जा. एक चित्र डावीकडे, एक उजवीकडे, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली धरा, नि विचारा. पडदा असो, मोबाईल असो की पुस्तक, तिच्या नजरेच्या वर काहीही ठेवू नका.

दुसरं कान. या काविळीत कान आवाज पकडतो पण नस तो मेंदूपर्यंत सरळ पोचवत नाही, असं होऊ शकतं. ओएई ही, कान आवाज पकडतो का एवढंच बघणारी, एकच तपासणी झाली असेल तर ती बरोबर आलेली असूनही ऐकण्यात गोंधळ असू शकतो. बेरा, म्हणजे नस आवाज पुढे पोचवते का ते बघणारी तपासणी, झाली आहे का ते कागदपत्रांत बघा, नसेल तर करून घ्या. गाडीचा आवाज तिला कळतो याचा अर्थ बोलणं स्पष्ट कळतं असा होत नाही. तुम्ही सांगितलेलं तिने केलं नाही, तर ते तिला समजलं नाही की नीट ऐकूच आलं नाही, हा फरक हेडसेट शिकवतानाही आडवा येतो.

मग हेडसेट योग्य कुणाला? माझा अनुभव सांगते, इतरांचं मत वेगळं असू शकतं. ज्या मुलाच्या शरीरात खात्रीची एकही हालचाल उरलेली नाही, पापणीचीसुद्धा नाही, त्याच्यासाठी तो पहिल्यापासून विचारात घ्यावा. ज्याची हालचाल आहे पण दहा मिनिटांत शरीर दमून जातं, त्यालाही तो अधूनमधून विसावा देतो. तिसरं कारण मला सगळ्यांत जवळचं वाटतं: निव्वळ खेळ. आयुष्यभर दुसऱ्यांनी उचलून ठेवलेल्या मुलाला ‘हे मी केलं’ असं वाटणं फार मोठं असतं, आणि त्यासाठी अचूकता शंभर टक्के असावी लागत नाही. पण बोलण्याचा मुख्य मार्ग म्हणून, तुमच्या वर्णनातल्या मुलीसाठी, मी त्याला पहिला नंबर देणार नाही. डोळे आणि पाय आधी.

काही हेडसेटबरोबर अक्षरं उजळणाऱ्या चौकटी येतात, हव्या त्या अक्षराकडे लक्ष दिलं की मेंदू प्रतिसाद देतो. ही पद्धत १९८८ पासून आहे आणि मोठ्या माणसांना तिचा उपयोग होतो. तिच्यासाठीही त्या अक्षराकडे नीट बघता यावं लागतं, आणि डोळे तेवढे चालत असतील तर नजरेवर चालणारा कॉम्प्युटर किंवा अक्षरं लावलेली साधी पारदर्शक पाटी जास्त वेगाने काम देते. काही पद्धतींत पडद्यावर चौकोन भराभर लुकलुकत ठेवतात. तिला लहानपणी किंवा आता कधीही फिट आलेली असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. सेकंदाला १५ ते २५ वेळा होणारी लुकलुक यात सर्वांत धोक्याची.

आता तो डावा पाय. बाबांची गाडी वाजली की ती पाय झाडते. आनंदाने झाडत असेल, ते आपोआप होत असेल. आपल्याला हवंय ते ठरवून झाडणं. दोन्हींतला फरक घरी ओळखता येतो. तिला अशा स्थितीत ठेवा जिथे अंग सगळ्यांत कमी आखडतं. बऱ्याच मुलांना कुशीवर, गुडघे दुमडून, पाठीशी उशी देऊन बरं पडतं. डाव्या पायाजवळ एक मोठं गोल बटण ठेवा, म्हणजे स्विच. तो बॅटरीच्या खेळण्याला जोडायची सोय सोपी आहे: तांब्याचे दोन पातळ पत्रे, मध्ये वीज न वाहणारा थर ठेवून, बॅटरी आणि तिची पट्टी यांच्यामध्ये सरकवतात, दोन्ही पत्र्यांच्या वायरी स्विचकडे जातात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला याचं सामान मिळतं, तुमच्या गावचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाराही अर्ध्या तासात करून देईल. खेळणं असं निवडा की पाय लागला की चालू आणि उचलला की बंद. तिच्या बाबांच्या गाडीचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून तोच स्विचला जोडता आला तर त्याहून चांगलं काही नाही. पहिले काही दिवस कोणीही ‘दाब, दाब’ म्हणू नका. घरात सगळे एकदम बोलायला लागले की या मुलांचं अंग आखडतं आणि हवी ती हालचाल अडून बसते. विचारा, आणि मनात दहा-पंधरा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. ही शांतता मला शिकायला काही वर्षं लागली.

मग मोजा. मोजल्याशिवाय आपण सगळे प्रेमापोटी फसतो. उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे असे वीस प्रश्न घ्या, ज्यांचं उत्तर हो किंवा नाही आहे. ‘ही आजी आहे का?’ असे. चार-पाच दिवसांत थोडे थोडे विचारा आणि वहीत लिहा. वीसपैकी बारा बरोबर आले तर घरात हुरूप येतो, पण नाणं वीसदा उडवलं तरी बारा किंवा जास्त छापे साधारण चारातून एकदा पडतात. पंधरा किंवा त्याहून जास्त मात्र निव्वळ नशिबाने शंभरात दोनदाच येतात. म्हणजे पंधरा आले की विश्वास ठेवायला जागा आहे. हेडसेटलाही हीच परीक्षा लावा. आणखी एक काळजी: प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नाही अशीही एक फेरी घ्या. बाबांनी तिला खोलीत काहीतरी दाखवावं, तुम्ही बाहेर थांबावं, नंतर येऊन विचारावं. मुलाच्या नावाने आपणच बोलत नाही ना, हे त्याशिवाय कळत नाही.

हा मार्ग बसला की त्यावर शब्द चढवता येतात. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांवरून बोलायचं अॅप फुकट आहे आणि मराठीत बोलतं. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ही आहे. तिचं बोट चित्रावर जाणार नाही, त्यामुळे चित्रं तुम्ही एकेक करून वाचायची आणि हवं त्या चित्राला तिने पायाने होकार द्यायचा. हळू आहे, पण पहिल्या दिवसापासून चालतं, वीज गेली तरी चालतं.

मामा हेडसेट आणणारच असतील तर मी अडवणार नाही. त्यांची माया त्यात आहे, आणि तिला खेळायला तो खरंच आवडू शकतो. मग पुढचं लक्षात घ्या. बहुतेक हेडसेट मोठ्या माणसाच्या डोक्याच्या मापाचे असतात, आणि आपल्या मुलांचं डोकं वयाच्या मानाने लहान असू शकतं. भुवयांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून टेपने घेर मोजून मामांना आधी कळवा, परत करण्याची सोय असेल तिथूनच घ्यायला सांगा. आत काय चाललंय ते तरंग बघायला काही कंपन्या वेगळी वर्गणी घेतात, तेही विचारून घ्या. आणि तिच्या मेंदूची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर जाते का हेही. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांच्या संमतीची अट घातली आहे. ती संमती न वाचता देऊ नका.

वापरायच्या आदल्या रात्री केस शांपूने धुवा आणि सकाळी तेल लावू नका. हे आजींनाही आधी सांगून ठेवा. एका घरी आम्ही तासभर सिग्नल शोधत होतो, लॅपटॉपवर सगळे ठिपके लाल. शेवटी माझ्या बोटांना खोबरेलाचा वास आला. आजीने नात छान दिसावी म्हणून सकाळीच चंपी करून दोन वेण्या घातल्या होत्या. वेणी सोडावी लागते, केसांचा भांग पाडून हेडसेटची तरंग टिपणारी गादी (इलेक्ट्रोड) थेट कातडीला टेकवावी लागते. मिठाच्या द्रावणात भिजवायच्या गाद्या असतील तर पंख्याखाली त्या लवकर सुकतात, ड्रॉपर हाताशी ठेवा. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा, मिक्सर आणि इन्व्हर्टरपासून लांब बसा. घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट तरंगांत मिसळतो. खुर्चीला डोकं टेकलं की मागचे इलेक्ट्रोड घासतात आणि सिग्नल बिघडतो, म्हणून टेकण कापून मोकळी जागा करावी लागेल. अंगाचा ताण कमी करायला बॅक्लोफेन किंवा ट्रायहेक्सिफेनिडिल हे औषध चालू असेल तर गुंगी असते ती वेळ टाळा. पंधरा मिनिटांच्या वर एकदाही जाऊ नका, काढल्यावर कपाळ आणि कानामागे लाल वळ बघा.

तिला ‘हात उचलायचा विचार कर’ असं सांगू नका. जो हात तिने कधी हवा तसा उचललेला नाही, त्याचा विचार करणं ही तिच्यासाठी अवघड मागणी आहे. ‘गाडी तुझ्याकडून आजीकडे जातेय असं मनात बघ’ हे जास्त जमतं. आणि तिने तोंड फिरवलं, रडली, डोळे मिटून घेतले तर हेडसेट लगेच काढा. ‘नको’ ऐकलं जातं हे तिला कळणं, गाडी चालण्याहून मोठं आहे.

घरच्या माणसांवर पडणारं ओझं हा प्रश्न मी टाळणार नाही. अमेरिकेत एएलएस, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करत जाणारा नसांचा आजार, झालेल्या प्रौढांना असा संच घरी वापरायला दिला होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४२ जण सुरुवातीला आले, घरी स्वतंत्रपणे वापरण्यापर्यंत १४ जण पोचले, आणि अभ्यास शेवटपर्यंत पूर्ण करणाऱ्यांपैकी एकाशिवाय सगळ्यांनी संच पुढे ठेवून घेतला. गळालेल्यांत आजार वाढलेले आणि दगावलेलेही होते. ज्यांना जमलं त्यांना कष्टापेक्षा फायदा जास्त वाटला, पण रोज डोक्यावर बसवून देणारं कोणीतरी घरात होतं. तुमच्या घरी ते कोण असेल? सकाळचे डबे, फिजिओ, भरवणं हे सगळं तुम्हीच करत असाल तर हे आणखी एक काम तुमच्यावर येऊ नये. बाबा किंवा काका आठवड्यातून दोन वेळा, ठरल्या वेळी करतील असं आधी ठरवा. कोणी हेडसेटने किंवा ‘ब्रेन मॅपिंग’ने सेरेब्रल पाल्सी बरी होते असं सांगून पॅकेज विकायला आलं तर पैसे देऊ नका. हे साधन आहे, उपचार नाही.

दिवाळीला वेळ आहे. पुढचे दोन आठवडे फक्त पायाचं बघा. कोणत्या स्थितीत झाडते, दिवसाच्या कोणत्या वेळी, आवाजाशिवाय विचारल्यावर झाडते का, आणि थांबवायला सांगितलं तर थांबवते का. पाय झाडताना गुडघा बाहेर फिरतो की टाच खाली दाबली जाते तेही लिहा, शक्य असेल तर मोबाईलवर बाजूने शूटिंग करून तुमच्या थेरपिस्टना दाखवा. टाच दाबत असेल तर स्विच तळपायाखाली फळीवर बसेल, गुडघा फिरत असेल तर तो बाहेरच्या बाजूला उभा बांधावा लागेल.